पहिल्या तोड्याची चटणी

८ ऑक्टोबर, खैरटोला

पोचले एकदाची. भंडाऱ्याहून एसटीनं आंधळगाव आणि तिथून मनिषच्या टेम्पोत, रिकाम्या क्रेटांच्या सोबतीनं. मनिष म्हणजे घरमालकांचा मुलगा, भाजीची वाहतूक करतो. खड्डा दिसला की माझ्या पोटाकडे बघायचा आणि टेम्पो बैलगाडीच्या चालीनं घ्यायचा. पाचवा महिना असला की जग कसं सुतासारखं सरळ होतं. एरवी पुण्यात मला रिक्षावाला धड उत्तर देत नाही.

खोली झकास आहे. नवा चुना, नवी ट्यूब, यंत्रासाठी वेगळी वायर, दारासमोरच बोरिंग. घरमालक टेकचंदजी भाडं नको म्हणाले. कंपनीला फोन करून त्यांनीच सांगितलं होतं, बाईमाणूस पाठवा, घरात सून आहे. आमचे साहेब बिचकत म्हणाले, बाई आहेत, पण त्यांना दिवस गेलेत. त्यावर टेकचंदजी म्हणे खूशच झाले, मग तर फारच चांगलं म्हणाले. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

काम सोपं नाही, पण माझ्या आवडीचं आहे. नागपूरच्या कंपनीला इथली पालेभाजी पाकिटात भरून विकायची आहे. त्याआधी शेतातच बघायचं की पानांवर काविळीचा विषाणू आहे का. तो डोळ्यांना दिसत नाही, वासानं कळत नाही. पानं पिशवीत घालून औषधाच्या पाण्यात खळबळायची, ते धुवण गाळायचं आणि यंत्रात घालायचं. विषाणू असला तर पडद्यावर रेघ वर चढते. नसला तर आडवी पडून राहते, आमच्या मामांसारखी.

धडधाकट माणसाला ही कावीळ झाली तर डोळे पिवळे होतात, तोंडाची चव जाते आणि महिन्याभरात गडी उठून कामाला लागतो. पोटुशी बाईचं तसं नाही. शेवटच्या महिन्यांत झाली तर कितीतरी जणी जातात, बाळासकट. प्रविणनं, माझ्या नवऱ्यानं, हे मला इतक्यांदा ऐकवलं की जणू हे शिकून नोकरी त्यालाच लागली आहे. मी त्याला एकच सांगितलं. मला माहीत आहे, म्हणूनच मला होणार नाही. माझं पाणी उकळलेलं, माझं जेवण माझ्या कुकरमधलं. कच्चं पान मी तोंडात घालणार नाही.

घरमालकीण सुंदरबाईंनी नाव विचारायच्या आधी कितवा महिना ते विचारलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या बायका बघायला येत होत्या. एकीनं गालावरून हात फिरवून बोटं मोडली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

१२ ऑक्टोबर

गावाच्या मधोमध बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. म्हशी तिथंच, धुणं तिथंच, पोरांची अंघोळ तिथंच. तेच पाणी मोटरनं पानांवर फवारतात. बाजारात जाताना भाजीच्या जुड्या बांधून त्या पुन्हा बोडीत बुचकळतात, म्हणजे टवटवीत दिसतात. मी कपाळावर हात मारून घेतला आणि नमुने घ्यायला लागले.

गंमत अशी की चहूकडे सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, पालक, मेथी नुसती माजली आहे आणि गावातलं कुणी त्यातलं पान खात नाही. सुंदरबाईंची भाजी आंधळगावच्या बाजारातून येते. मी टेकचंदजींना चिडवलं की हलवाई स्वतःचे पेढे खात नाही असं दिसतंय. ते हसले. म्हणाले, पहिला तोडा, म्हणजे पहिली तोडणी, नाही झाली अजून, तोवर कोणी नाही खात. यंदा तोडा चांगला होईल असंही म्हणाले.

दुपारी गुड्डी येऊन बसते, मनिषची बायको. विशीची असेल-नसेल, पदर असा गच्च लपेटून घेते की उकाडा मलाच होतो. बडबडी आहे, पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. माणसाच्या रक्ताचीपण रेघ येते का, विचारत होती. येते म्हटलं.

२० ऑक्टोबर

रेघ चढली. बोडीलगतच्या तिन्ही शेतांतली चढली, आणि बोडीच्या पाण्याची तर पडदा फोडून बाहेर पडेल अशी. दोनदा यंत्र धुतलं, पुन्हा लावलं, पुन्हा तीच. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. एवढं शिकून पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं.

टेकचंदजींना जाऊन सांगितलं, भाजी तोडू नका, विकू नका, खाऊ नका. ते दचकले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मशीन तुमची. आमची तपासणी अलग आहे." साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, पुन्हा नमुने घ्या, हंगामभर थांबा. नागपुरात एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय.

२५ ऑक्टोबर

सुंदरबाई हिरवं लुगडं आणि बांगड्या घेऊन आल्या. दिवाळीच्या पाडव्याला बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माझे डोहाळे करणार म्हणाल्या. प्रविणला रजा नाही, आई तिकडे मिरजेत, डोळे भरूनच आले माझे. मग त्यांनी रीत सांगितली. पहिल्या तोड्याचा सांभार पोटुशीनं आपल्या घरी आपल्या हातानं वाटायचा, कच्चा, आणि चटणी सगळ्यांसमोर खायची.

मी हसून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हटलं, या वेळी न हसता. लुगडं त्यांनी कॉटवर ठेवलं. बांगड्या मात्र परत घेऊन गेल्या.

२६ ऑक्टोबर

गुड्डीनं सगळं सांगितलं.

ही यांची तपासणी. पोटुशीनं चटणी खायची आणि पौर्णिमेपर्यंत गावानं तिच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. "पोटुशीले पचलं त गावाले पचते." डोळे पांढरे राहिले तर तोडा करायचा. पिवळे झाले तर शेत उपटायचं. काही जणी पौर्णिमेनंतर गेल्या, त्या दुसऱ्याच कशानं गेल्या असं धरतात. या काविळीला उगवायला महिना महिना लागतो हे कुणाला ठाऊकच नाही. गेल्या वर्षी टीनानं खाल्लं होतं, गुड्डीच्या थोरल्या जावेनं. तिचे डोळे पौर्णिमेआधीच पिवळे झाले. आधीच कुठूनतरी लागण झाली असणार. सातव्यात गेली. शेत उपटलं.

मी विचारलं, यंदा मी नसते तर. गुड्डीनं पदर बाजूला केला. तिलाही चौथा लागलाय.

म्हणून बाईमाणूस हवं होतं. म्हणून भाडं नको होतं. मी इथं तपासायला आलेच नव्हते, मला तपासणीसाठी आणलं होतं.

२८ ऑक्टोबर

टेकचंदजींना तोंडावर विचारलं. मी सरकारी दवाखान्यात कळवीन म्हटलं, पोलिसांत जाईन म्हटलं, जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, टीना माझी सून होती, आम्ही तिला मारली म्हणता का.

दुपारी लाइट गेली, फक्त माझ्या खोलीची. फ्रिजमधले नमुने आंबले. संध्याकाळी सिलिंडर नेला, गळत होता म्हणे. बोरिंगचा दांडा काढून नेला, दुरुस्तीला.

३० ऑक्टोबर

पिण्याचं पाणी बाटलीत तळाला गेलंय. फोनची बॅटरी मेली. दूधवाली दारावरून जाते, थांबत नाही. परवापर्यंत ज्या पोरी माझ्या मागे मागे हिंडत होत्या त्या मला बघून घरात पळतात. मी यांचं काय घोडं मारलंय?

आज बॅग उचलून फाट्याकडे निघाले. बायका रस्त्यातच धान पाखडत बसल्या होत्या, या काठापासून त्या काठापर्यंत. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. सरकलंही नाही कुणी. सुंदरबाई एवढंच म्हणाल्या की मॅडमनं नाही खाल्लं तर पाडव्याला गुड्डी खाईल, पाळणा एकाच घरातला दोनदा रिकामा झाला तरी चालेल, गाव उपाशी नाही राहू शकत. आणि मग त्या रडल्या. मला त्यांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली.

परत आले.

३१ ऑक्टोबर

सापडलं. एवढं सोपं होतं आणि मी मूर्खासारखी भांडत बसले होते.

चटणी आपल्या घरी, आपल्या हातानं वाटायची. म्हणजे वाटताना कुणी बघत नाही. सांभार आधी कुकरमध्ये चांगला उकळून घ्यायचा, तासभर लागला तर तासभर, मग वाटायचा. उकळला की विषाणू मेला. मी सगळ्यांसमोर चाटूनपुसून खाईन, मला काही होणार नाही, गुड्डी वाचेल. पौर्णिमा झाली की इथून निघायचं आणि सरळ सरकारी माणसं घेऊन यायचं.

खाते म्हणून सांगितलं. तासाभरात लाइट आली, सिलिंडर आला, बोरिंगला दांडा लागला. गुड्डीला यातलं काही सांगितलं नाही. ती सासूला सांगून मोकळी होईल.

२ नोव्हेंबर, पाडवा

खाल्ली. चटणी जरा काळपट दिसत होती. सुंदरबाईंनी वाटी उजेडात धरून बघितली. मिक्सर तापतो, म्हटलं. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, घास गिळेपर्यंत कुणी पापणी हलवली नाही. मग ओटी भरली, गाणी म्हटली. गुड्डी गळ्यात पडून रडली. मी मनात म्हटलं, रड बाई, तुला माहीत नाही आपण कशा जिंकलो ते.

९ नोव्हेंबर

लाडच लाड. तूप काय, लाडू काय. रोज सकाळी कोणीतरी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवतं आणि खालची पापणी ओढून बघतं. सगळं हसून. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आधी ज्यांनी माझं पाणी तोडलं तेच हात आता डोक्याला तेल लावतात. अंगावर काटा येतो, पण डोकं पुढे करते. थोडेच दिवस.

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा

डोळे पांढरे. गावानं तोडा धरला.

मी पहाटेच शेतात गेले आणि ओरडून सांगितलं, तोडू नका, माझ्या यंत्रात विषाणू दिसतोय. सगळे हसले. सुंदरबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवून म्हटलं, "तुमाले पचलं ना मॅडम, मंग आमाले काहून नाही पचणार?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी शिजवून खाल्लं असं म्हटलं की तपासणी झालीच नाही असं ठरणार. मग पुन्हा वाटी. मला, नाहीतर गुड्डीला. म्हटलं, आधी गुड्डीला बाजूला घेऊन सांगते.

गुड्डी बोडीवर होती. टीना गेल्यापासून तिनं सांभार तोंडात घातला नव्हता. बुचकळलेली जुडी हातात, मूठभर पानं मिठाबरोबर तोंडात, गाल फुगलेले. मला बघून धावत आली आणि एक घास माझ्यापुढे धरला.

मी पोचायला उशीर केला.

१६ नोव्हेंबर

पोलीस नाही, दवाखाना नाही, आधी प्रविणला फोन केला आणि रडले. तो म्हणाला आत्ता निघ. या काविळीवर औषध नाही, नुसतं लक्ष ठेवायचं असतं. लक्ष ठेवायला मी सोडून इथं आहे कोण? थांबते म्हटलं. तो खूप बोलला. बरोबरच बोलला.

कंपनीनं माल नाकारला. सरकारी दवाखान्यात फोन केला, लिहून घेतलं त्यांनी. गाव घरोघर पालक-मेथी खातंय. कच्चं खाऊ नका म्हणून सांगत फिरले. नजर लावू नका, लोक म्हणाले.

२८ नोव्हेंबर

गुड्डी ठणठणीत आहे. रोज पापणी बघते तिची. आता मी बघते. ती हसते.

सगळ्यांनाच होते असं नाही. नाहीच होत सगळ्यांना.

१० डिसेंबर

गुड्डीला ताप. कालपासून उलट्या. आज पापणी ओढली आणि —

रक्त घेतलं. रेघ उभी चढली.

सुंदरबाईंना सगळं सांगून टाकलं. दवाखान्यात नेण्याशिवाय इलाज नव्हता आणि डॉक्टरला खरं सांगायला हवं. कुकर, उकळणं, सगळं. त्यांनी एकच शब्द विचारला. "शिजवून?" मी मान हलवली. त्या उठल्या, गुड्डीला मनिषच्या टेम्पोत निजवलं. मला जागा नाही म्हणाले.

१२ डिसेंबर

पोरं पिवळी, दोन-तीन गडी पिवळे. चालतात-फिरतात. माझ्या दारावरून जाताना थुंकतात.

गुड्डी शुद्धीवर नाही.

फाट्यावर जायला निघाले. या वेळी बायका नव्हत्या, गडी होते. वाट अडवून उभे. प्रविणला कळवलं, त्याला पंधराच्या गाडीत जागा मिळाली, सोळाला पोचतो म्हणाला. मग फोन टेकचंदजींनी हातातून घेतला, हळूच, लहान मुलाच्या हातातून विळी घ्यावी तसा.

१४ डिसेंबर

गुड्डी गेली. बाळही.

मी — नाही, लिहायलाच हवं. मी केलं हे. यांनी नाही.

दुपारी खिडकीतून बघितलं. तिची गोधडी, तिची लुगडी, दवाखान्यातली विष्ठेनं भरलेली चादर, सगळं गाठोडं बांधून, दगड लावून बोडीत सोडलं. शेजारची म्हातारी म्हणते रीतच आहे. तपासणीत जी जाते तिचं सगळं बोडीला. टीनाचंही. त्याआधीच्या सगळ्यांचं. आणि मग त्याच पाण्यावर पोरं, जुड्या, पुढचं पीक. बोडीच्या पाण्याची रेघ एवढी का चढली ते आत्ता कळलं. यांची तपासणीच रोग पेरते. खिडकीतून ओरडून सांगितलं, घसा बसेपर्यंत. एकानंही मान वर केली नाही.

दाराला बाहेरून कडी आहे.

१५ डिसेंबर, सकाळ

लाइट नाही. पाणी नाही. प्रविण उद्या पोचेल. उद्याच. आज काढायचा फक्त.

अंगणात ऊन पडलंय. सुंदरबाई पाटा मांडून बसल्यात. दुसऱ्या पेरणीचा सांभार — हिरवागार, ओला, आत्ताच बोडीतून काढलेला — काल जिथं गाठोडं —

वाटतायत. स्वतः वाटतायत या वेळी.

टेकचंदजी खिडकीशी येऊन सांगून गेले. रागानं नाही. तपासणी राहून गेली म्हणाले. खोटं खाल्लं, आता खरं खावा.

बाळ लाथा मारतंय. सकाळपासून थांबतच नाही —

कडी निघाली. आठ-दहा जणी. कुणी ओढत नाही, कुणी ओरडत नाही. ओटीत नारळ टाकला — डावा हात धरलाय — कॉटवर बसवलं —

वाटी सुंदरबाईंच्या हातात. त्या रडतायत. विचारतायत, शिजवलं की रोग मरते हे तुमाले माहीत होतं ना. तोडू नका, खाऊ नका, कच्चं खाऊ नका, सगळं सांगतलं. उकळून खा, काही नाही होत, एवढं काहून नाही सांगतलं. टीनाले मी शिजवून खाऊ घातलं असतं. गुड्डीले मी —

खरंच नाही सांगितलं मी. एकदाही नाही. मी माझ्यासाठी —

घास पुढे आलाय. मी तोंड मिटून —

नाक दाब